खूण न ठेवणारी गाडी

कामतघरच्या वस्तीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, रात्रपाळी सुटते तेव्हा माणसं कारखान्यातून बाहेर पडतात ती भुरकट होऊन. केसांत सूत, भुवयांत सूत, पापण्यांवरसुद्धा सूत. रात्रभर खडखडाट ऐकून कान असे बधिर झालेले असतात की रस्त्यावर आल्यावरही एकमेकांशी ओरडूनच बोलतात. डोळे चोळत, ओरडत ही मंडळी सरळ येतात ती ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे उभ्या असलेल्या निळ्या टेम्पोपाशी. टेम्पोची मागची फळी खाली पाडलेली असते आणि आत मांडी घालून बसलेली कौसल्या तांदळाची भाकरी थापत असते.

भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं, भात. एवढंच तिच्याकडे मिळतं. लांबच्या मुलखातून आलेली लूमवरची पोरं पहिल्या दिवशी सुकटीच्या वासाने नाक मुरडतात आणि आठवडा गेला की "चाची, वो सूखी मछली थोडी और" म्हणत पत्रावळ पुढे करतात. चाची थोडी और देते. भुकेल्याच्या पानात मोजून वाढायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण, आणि ती कौसल्याने चुलीवरून शेगडीवर आली तरी सोडली नाही.

टेम्पो मुळात तिच्या नवऱ्याचा, दामूचा. तो त्यात सुताची बाचकी भरून या कारखान्यातून त्या कारखान्यात पोचवायचा. नोटाबंदीच्या वर्षी निम्मे माग गप्प झाले आणि टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा राहिला. दामू त्याला रोज पुसायचा आणि रोज जास्त गप्प व्हायचा. एक दिवस कौसल्याने घरातली शेगडी उचलून गाडीत ठेवली. म्हणाली, गाडी पुसायचीच आहे तर खरकटी करून पुसू. तेव्हापासून दामू चालवतो आणि वाढतो, ती रांधते. लेक रिया जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात पार्सलांवर स्कॅनर मारायच्या कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी तीही भांडी विसळायला येते.

कौसल्या घरातून निघण्याआधी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावते, त्रिशरण-पंचशील म्हणते आणि मगच भाताचं पातेलं गाडीत चढवते. दर रविवारी विहारात जाते. तिथे भन्तेजींनी एकदा सम्यक आजीविका समजावून सांगितली होती: पोट असं भरावं की त्याचा भार दुसऱ्या जिवावर पडू नये. बायका ऐकून घरी गेल्या. कौसल्यानेही ऐकलं, पण तिच्यासाठी ते नुसतं ऐकलेलं नव्हतं, आधीपासून माहीत असलेलं होतं.

तिचे वडील शहरात सफाई कामगार होते. अंजूर गावाहून पहाटे निघायचे. एकदा ती त्यांचा डबा घेऊन आली होती. लग्नाच्या हॉलमागे ते पत्रावळी उचलत होते, आणि वरच्या गॅलरीतून जेवून झालेली माणसं पत्रावळी खाली भिरकावत होती. एक त्यांच्या खांद्यावर पडली. त्यांनी वर पाहिलं नाही. खांद्यावरची पत्रावळ काढून टोपलीत टाकली आणि पुढची उचलली. मुलगी डबा घेऊन उभी होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिने ते त्यांना कधी कळू दिलं नाही.

म्हणून दुपार व्हायच्या आत, शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेलं की कौसल्या कमरेला पदर खोचते. आधी केरसुणी. कांद्याचं साल, भाताचं शीत, कुणी टाकलेला बिडीचा तुकडा, तिचं असो नसो, सगळं पोत्यात. मग बादलीभर पाणी. इंजिनातून तेलाचा थेंब पडू नये म्हणून गाडीखाली गोणपाट पसरलेलं असतं, त्याची घडी. बाकडं गाडीत. फळी वर. गाडी निघून गेली की मागे उरतो तो ओला चौकोन, आणि उन्हाचे दिवस असले की घटकेत तोही वाळून जातो.

शेजारच्या काळूरामला याचं फार हसू यायचं. काळूराम इथला मूळचा, आगरी माणूस, पोटापेक्षा आवाज मोठा. त्याचं वडे-भज्यांचं दुकान म्हणजे सिमेंटचा पक्का ओटा, वर पत्रा, बाजूला काळंकुट्ट पिंप आणि गटारात तेलाचा तवंग. "वयनी," तो म्हणायचा, "रस्ता काय तुझ्या हुंड्यात आलाय? का रोज न्हाऊ घालतेस त्याला?" कौसल्या हसून सोडून द्यायची. मनाने वाईट नव्हता तो. लॉकडाऊनमध्ये तिच्या घरी तांदळाचं पोतं त्यानेच पाठवलं होतं, आणि त्याचा उल्लेख पुन्हा कधी केला नव्हता.

मग पालिकेचं फेरीवाल्यांचं सर्वेक्षण आलं. कायद्याप्रमाणे कोण कुठे बसतो ते नोंदायचं, ज्याची नोंद होईल त्याला नंबर द्यायचा, आणि बाकीच्यांना उठवायचं. बातमी आधी आली होती, पण दिवस कुणी सांगितला नव्हता. मोजणारी माणसं कामतघरात आली ती भर दुपारी. काळूराम ओट्यावर आडवा पडला होता. त्याला उठवून, कंगवा फिरवायला लावून त्याचा फोटो घेतला आणि पत्र्यावर नंबरचा स्टिकर चिकटवला. पानवाल्याला मिळाला. चपला शिवणाऱ्याला मिळाला. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे ती माणसं थांबलीसुद्धा नाहीत. तिथे होतं काय? स्वच्छ, सुकलेला, मोकळा रस्ता.

कौसल्याला हे दुसऱ्या दिवशी काळूरामकडून कळलं. ती मोजणीच्या कचेरीत गेली. तिथे सुचेता नावाच्या बाई होत्या, तिशीच्या, चष्म्याच्या, घाईत असूनही समोरच्याला बसा म्हणणाऱ्या. त्यांनी टॅबवर नकाशा उघडला आणि बोटाने मोठा केला. मग सांगितलं की ती जागा रिकामी म्हणून लागली आहे. एवढंच नाही, रिकामी आणि गाडी वळवायला सोयीची म्हणून कचऱ्याचा मोठा डबा तिथे ठेवायचं ठरतंय.

कौसल्याला आधी वाटलं आपण दुसऱ्याच जागेबद्दल बोलतोय. तिने नकाशात ट्रान्सफॉर्मर शोधला. त्याच्या अलीकडेच खूण होती.

सुचेताबाईंनी नियम सांगितला. हरकत घेता येईल. त्या याच आठवड्यात स्वतः जागेवर येतील, सकाळी येतील. पण आज गाडी उभी दिसली एवढ्याने भागणार नाही. कालपरवा येऊन उभे राहिलेलेही तेच सांगतात. आधीपासून इथे धंदा होता याचं काहीतरी दाखवावं लागेल. बाजार फीची पावती, नोटीस, अगदी अतिक्रमणाच्या दंडाची पावतीसुद्धा चालेल.

फीवाला माणूस फिरायचा दुपारनंतर, तेव्हा ही घरी. अन्न परवाना गाडीच्या काचेवर होता, पण त्यावर पत्ता घरचा. आणि दंड तिला कधी झालाच नव्हता. अतिक्रमणची गाडी आली की ही आधीच गेलेली असायची, पळून नव्हे, आवरून.

काळूरामने हे ऐकलं आणि ओट्याखालून एक फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. सगळ्या दंडाच्या पावत्या. तेलाने पारदर्शक झालेल्या, पण नाव-तारखेसकट. इतकी वर्षं शिव्या घालत भरलेला दंड आता त्याला दागिन्यासारखा मिरवता येत होता. पण कौसल्याचा चेहरा पाहून त्याने पिशवी परत आत ढकलली.

मग घरी सगळ्यांनी डोकी लढवली. रियाने स्वतःच्या, बापाच्या आणि लूमवरच्या निम्म्या पोरांच्या मोबाइलमधले फोटो उलगडले. फोटो भरपूर निघाले. पण कुणी भाकरीचा पापुद्रा जवळून काढला होता, कुणी चटणीचा, कुणी स्वतःचं तोंड. सगळ्या फोटोंत भाकरी होती, रस्ता कुठेच नव्हता. दामू समोरच्या कारखान्याच्या शेठकडे साक्ष मागायला गेला. शेठ रोज तिच्याच हातची भाकरी मागवून खाणारा. पण सहीचं नाव काढताच म्हणाला, आज मी लिहून दिलं तर उद्या तुम्ही माझ्या गेटवर हक्क सांगाल. वर चहा पाजला.

दामू घरी आला आणि टेम्पो पुसायला लागला. कौसल्याने ते पाहिलं. तो गप्प दामू तिला पुन्हा नको होता.

शेवटी काळूरामने उपाय सांगितला. गिऱ्हाइकं पांगल्यावर तो तिच्या गाडीपाशी आला आणि एरवीचा आवाज खाली आणून बोलला.

"वयनी, तुझी चूक एकच हाय. तू जागा धुतेस. धुतलेली जागा कोनाची न्हाय. ती मॅडम येईपर्यंत धुऊ नको. बाकडा राहू दे, दोन विटा मांड, चुलीचा डाग पाड, पत्रावळ्या पडू दे. जागा वापरल्यासारखी दिसली पायजे. माझ्याकडं बघ, मला कोन विचारतो का, की तू कवापासून हायस?"

कौसल्या हातातलं पातेलं पुसत राहिली. दामू म्हणाला, बरोबर बोलतोय तो. आणि थोड्या वेळाने म्हणाला, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

त्या दुपारी तिने केरसुणीला हात लावला नाही. बाकडं तिथेच ठेवलं. दामूने दोन विटा मांडल्या आणि मध्ये कोळसे टाकून जमीन काळी केली. तवा खरवडला त्याचं पाणी तिने रस्त्यावर ओतलं. पत्रावळी वाऱ्याने सरकून कारखान्याच्या भिंतीशी जमा झाल्या. गाडीत बसल्यावर ती सरळ समोर बघत राहिली, आरशात नाही. घरी येऊन तिने दोनदा हात धुतले. संध्याकाळी वंदना म्हणताना पाचव्या शीलापर्यंत आली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, कारण मधलं काय म्हटलं ते तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी टेम्पो वळणावर आला तेव्हा तिथे कुणीतरी वाकलेलं दिसलं. मैनाबाई होती. या रस्त्याची सफाई तिच्याकडे. सकाळी लवकर येऊन झाडून जाते. कौसल्याची आणि तिची ओळख हात हलवण्याइतकी. मैनाबाई पत्रावळी गोळा करत होती. एक हात कमरेवर, दुसऱ्याने भिंतीच्या कोपऱ्यात चिकटलेली, रात्रीत कुत्र्यांनी चघळलेली पत्रावळ खरवडून काढत होती. पत्रावळीला सुकटीची चटणी लागलेली होती. ती कुणाची, हे कामतघरात शेंबडं पोरही सांगेल.

गाडी नीट थांबायच्या आत कौसल्या उतरली.

मैनाबाईने मान वर केली. रागावलेली नव्हती. तिच्या तोंडावर काळजी होती.

"ताई, बरं नाय का तुमाला?" तिने विचारलं. "काल आल्या नव्हत्या का? दुसरंच कोण उभं राहिलेलं वाटतं इथं. सांगा त्याला चांगलं."

कौसल्याला खोटं बोलता आलं असतं. शीलाचं बाजूला ठेवा, त्या क्षणी ते सोपंही होतं. मैनाबाईने वाटच करून दिली होती. पण ती वाट तिने घेतली नाही. तिने पुढे होऊन मैनाबाईच्या हातातली पत्रावळ ओढून घेतली.

"मीच होते," ती म्हणाली. "माझंच आहे हे. तुम्ही सोडा."

आणि ती तिथे रस्त्यावर उकिडवी बसून भराभर उचलायला लागली. मैनाबाई बघत राहिली. मग कौसल्याने विटा उचलल्या, कोळसे पोत्यात भरले, आणि काळा डाग काथ्याने घासायला घेतला. दामू म्हणाला, अगं, मॅडम आज आल्या तर? ती ऐकत नव्हती. प्यायच्या पाण्याचा कॅन तिने त्या डागावर रिकामा केला.

"पुरावा झाडून टाकलास," दामू म्हणाला. बोलण्यात राग कमी आणि थकवा जास्त होता.

घासता घासता तिने मैनाबाईला सगळं सांगितलं. मोजणी, नकाशा, डबा, काळूरामचा उपाय. वडिलांचं सांगितलं नाही. ते सांगायचं असतं तर त्यांनाच सांगितलं असतं. मैनाबाई झाडूवर हनुवटी टेकवून ऐकत होती. डब्याचं ऐकून मात्र तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, म्हणजे सगळ्या वस्तीचा कचरा इथे, आणि डब्याच्या बाहेर पडेल तो उचलायला मी.

पाळी सुटली. पोरं आली, जेवायला बसली. मैनाबाई आपला पट्टा झाडत पुढे गेली. आणि त्या गर्दीतच सुचेताबाई रिक्षातून उतरल्या. सोबत कुणी नव्हतं, हातात टॅब.

त्यांनी गाडी बघितली, जेवणारी पोरं बघितली, रस्ता बघितला. नुकता घासलेला, ओला. त्यांनी पोरांना विचारलं. पोरं म्हणाली, चाची तो हमेशा से है. हमेशा म्हणजे कधीपासून, तर कुणी मागच्या ईदला आलेला, कुणी गावाला जाऊन परत आलेला. लूमवरची माणसं टिकतात कुठे. सुचेताबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि कौसल्याला बाजूला घेऊन म्हणाल्या की मला तुमचं खरं वाटतंय, पण मला वाटतंय असं लिहिण्याची जागा यात नाही.

कौसल्याने मान हलवली. तिच्या हाताला भाकरीचं पीठ होतं. ते ती बोटांनी सोलत राहिली.

तेवढ्यात मैनाबाई परत आली. ढकलगाडी बाजूला लावून, झाडू हातातच धरून ती सुचेताबाईंच्या समोर उभी राहिली. मॅडमशी बोलायची सवय नसावी. सुरुवातीला दोनदा घसा साफ केला.

"मॅडम, मी इथली झाडूवाली. त्या नाक्यापासून ह्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत माझी बीट. आधी माझी सासू झाडायची, तिच्या जागेवर मी लागले, तवापासून ही गाडी हितंच बघते. सगळीकडं मला वाकायला लागतं. एवढ्या तुकड्यात नाय लागत. तुमी म्हणता जागा रिकामी. जागा आपोआप अशी राहत नाय, मॅडम. रोज माणूस तिच्यामागं लागतं तेव्हा राहते. ही बाई लागते."

सुचेताबाईंनी तिला नोकरीला लागल्याचं वर्ष विचारलं, ओळखपत्र बघितलं, त्यावरचा नंबर उतरवून घेतला. मग मैनाबाईच्याच फोनवरून तिच्या मुकादमाला फोन लावला. मुकादम पलीकडून इतक्या मोठ्याने बोलत होता की पोरांनाही ऐकू गेलं. म्हणाला, ती निळी गाडी ना, हो हो, त्या जागेची आपल्याला कधी तक्रार नाही, मी नव्या बायकांना तीच दाखवतो की असं पाहिजे. सुचेताबाई म्हणाल्या, हेच मला लिहून पाठवाल का? पलीकडचा आवाज एकदम खाली आला. लिहायचं म्हटलं की माणूस विचार करतो. मग तो म्हणाला, पाठवतो.

फोटो घेतला तेव्हा कौसल्याने मैनाबाईला शेजारी ओढलं. मैनाबाई नको नको म्हणत झाडू मागे लपवायला लागली, तर सुचेताबाईंनी तो पुढे धरायला सांगितला.

स्टिकर कुठे लावायचा हा प्रश्न आला. काळूरामसारखा पत्रा नव्हता, ओटा नव्हता. शेवटी तो गाडीच्या काचेवर, अन्न परवान्याच्या खाली लागला. मग सुचेताबाईंनी स्पष्ट सांगितलं, गोड करून नाही. तुमची नोंद फिरता विक्रेता म्हणून होईल. म्हणजे जागेवर हक्क नाही. सकाळच्या पाळीला इथे उभं राहता येईल, धंदा करता येईल, काम झालं की हलायचं. पक्कं प्रमाणपत्र यायला वेळ लागेल. डबा कुठे ठेवायचा ते दुसरं खातं ठरवतं. मी त्यांना कळवते, पण शब्द देत नाही.

काळूराम एव्हाना येऊन उभा होता. त्याला हा निकाल अर्धवट वाटला.

"जागा न्हाय भेटली, मग भेटला काय?" तो म्हणाला.

"उभं राहायला भेटलं," कौसल्या म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

काळूरामला त्याहून मोठी चिंता होती. डबा इथे नाही तर मग माझ्या ओट्याजवळ तर नाही ना? सुचेताबाई रिक्षात बसेपर्यंत तो त्यांच्या मागे मागे गेला. दामूला कितीतरी दिवसांनी हसू आलं. मैनाबाईला त्याने बळेबळे बाकड्यावर बसवलं आणि पान वाढलं. खाऊन झाल्यावर ती पत्रावळ उचलायला लागली, तर कौसल्याने तिच्या हातावर हलकी चापट मारली आणि पत्रावळ स्वतः उचलली.

पुढचे काही दिवस कुणीच डब्याचं नाव काढलं नाही, पण वळणावरून मोठ्या गाडीचा आवाज आला की कौसल्या, दामू, काळूराम, तिघांचीही मान वळायची. मग एका सकाळी तो डबा आलाच. हिरवा, लोखंडी, टेम्पोहून उंच, क्रेनच्या गाडीला लटकलेला. पाळी नुकतीच सुटली होती. क्रेनवाला ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे येऊन थांबला. खाली उतरलेल्या माणसाने मोबाइल काढून काहीतरी वाचलं, जागेकडे पाहिलं, मग गाडीच्या काचेवरचा नंबर वाकून वाचला.

"बाई, हीच का ती नोंदवलेली गाडी?" त्याने विचारलं.

कौसल्याने मान डोलावली. तव्याकडे तिचं लक्ष राहिलं नाही. जेवणारी पोरं हात पानात ठेवून थांबली. माणसाने क्रेनवाल्याला हाताने पुढे जायची खूण केली. डबा हेलकावत तिच्या गाडीसमोरून, काळूरामच्या ओट्यासमोरून पुढे गेला आणि बंद पडलेल्या कारखान्याच्या लांबच्या भिंतीशी धप्पकन टेकला. काळूराम ओट्यावरून उतरून तिकडे जाऊन पावलांनी अंतर मोजून आला आणि समाधानाने परत झारा हातात घेतला.

तव्यावरून धूर यायला लागला होता. इतक्या वर्षांत कौसल्याची भाकरी करपली ती त्या सकाळी. गिऱ्हाइकाला ती देणं शक्य नव्हतं. ती बाजूला काढून तिने नवा गोळा हातात घेतला. दामूने करपलेली भाकरी उचलली, तिच्यावर चटणी घातली, गाडीच्या चाकाला टेकून उभ्या उभ्या खाल्ली, आणि पुढच्या पोराला वाढायला वळला.